सनदबाईची राहिलेली हदीस

सनदबाईला गॉसिप सांगणं म्हणजे कोर्टात उलटतपासणीला उभं राहणं. मी संध्याकाळी ऑफिसातून यायची, बॅग सोफ्यावर फेकायची आणि म्हणायची, "ऐकलंस का? आमच्या मॅनेजरचा डिव्होर्स होऊन राहिला!" दुसरी कुणी असती तर "अय्या, खरंच?" म्हणून लगेच चहा टाकला असता. ही कांदा चिरता चिरता मान वर न करता विचारायची, "कुणाकडून ऐकलंस?"

"प्रिया म्हणाली."

"तिला कुणी सांगितलं?"

"तिच्या टीममधल्या कुणीतरी, यार!"

"कुणीतरी म्हणजे कोण? तो स्वतः समोर होता का?"

इथवर येईस्तोवर त्या डिव्होर्सची सगळी मजा गेलेली असायची. मी पाय आपटत आत जायची आणि ती शांतपणे कांदा कढईत टाकायची.

तिचं खरं नाव रुक्साना. श्रीवर्धनजवळच्या एका खेड्यातली, घरात कोकणी मराठी बोलणारी मुसलमान मुलगी. मी नागपूरची. सनीव्हेलमध्ये कॅलट्रेनच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर आम्ही दोघींनी मिळून एक दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं. ती एका चिप कंपनीत व्हेरिफिकेशन करायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या डिझाइनमध्ये चुका शोधायची. तिला हेच काम मिळावं, यात मला तरी नवल वाटलं नाही. तिचं नाव सनदबाई मी ठेवलं आणि आमच्या ग्रुपमध्ये ते असं चिकटलं की कुणाकुणाच्या फोनमध्ये तिचा नंबरही त्याच नावाने सेव्ह होता.

ही खोड तिला लागली ती हदीसच्या अभ्यासामुळे. मला आधी काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तिनेच समजावलं, की पैगंबरांचं एखादं वचन किंवा त्यांच्या वागण्याची एखादी हकीकत म्हणजे हदीस. ती नुसती सांगून भागत नाही. आधी सांगायचं, की मी ही अमक्याकडून ऐकली, त्याने तमक्याकडून, असं मागे मागे जात थेट ज्याने पैगंबरांच्या तोंडून ऐकली त्याच्यापर्यंत. ही माणसांची साखळी म्हणजे सनद. मधली एक कडी खोटी किंवा विसराळू निघाली, की सगळी हकीकत लंगडी. मी म्हटलं, "बाप्पा! आमच्या फॅमिली ग्रुपवर हा नियम लावला तर ग्रुपच बंद पडेल." ती हसली नाही. म्हणाली, "लावून बघ ना."

आमच्या आईचं सुरुवातीला जरा अवघडच होतं. तिने पहिल्याच व्हिडिओ कॉलवर आवाज खाली करून विचारलं होतं, "स्वयंपाकघर एकच आहे का गं दोघींचं?" मी म्हटलं, "हो आई, बाथरूमही एकच आहे." पुढे एकदा तिच्या ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सनदबाई भरली वांगी घेऊन गेली. मीही होते. ती सगळ्यांना वाढताना सांगत होती, "ही वांगी मंजूच्या आईची. त्यांनी त्यांच्या जाऊबाईंकडून घेतली, जाऊबाईंनी सावनेरच्या आत्यांकडून. मीठ मात्र माझं आहे, चुकलं असेल तर त्यांना बोलू नका." मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने ती सगळी नावं माझ्याकडून परत एकदा वदवून घेतली. मग म्हणाली, "सख्ख्या सुना सासूचं नाव घेत नाहीत, अन् ही पोरगी माझ्या जावेचंसुद्धा घेऊन राहिली." त्यानंतर नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक डब्यात तिच्यासाठी वेगळी सोनपापडी असायची.

दर शनिवारी दुपारी ती फ्रीमाँटला जायची. तिथे तिच्या उस्ताद राहत, म्हणजे गुरू. आपा म्हणत त्यांना सगळे. हैदराबादच्या, ऐंशीच्या घरातल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. बाई गुरू आहेत हे ऐकून माझे डोळे मोठे झाले. सनदबाई म्हणाली, "त्यात काय? पहिल्यापासून बायका शिकवत आल्यात. पुरुष त्यांच्यासमोर बसून ऐकायचे." मला हे बघायचंच होतं. एका शनिवारी मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले.

आम्ही पोचलो आणि तिने घरासमोर गाडी लावली, इंजिन बंद केलं, आणि बसून राहिली. मी दार उघडायला लागले तर म्हणाली, "बस गो. आपा दुपारच्या झोपल्यात."

"मग बेल मार ना. सून उघडेल."

"बेल वाजली तर त्या उठतील."

"टेक्स्ट कर."

"टेक्स्ट केला तर सून त्यांना उठवेल."

बाहेर ऊन रणरणत होतं, एसी बंद. मी वैतागून विचारलं, की ही कुठली पद्धत? तेव्हा तिने मला पैगंबरांच्या एका तरुण सोबत्याची गोष्ट सांगितली. नाव इथे लिहीत नाही, कारण ते माझ्याकडून नीट उच्चारलं जात नाही आणि ती रागावते. तो पैगंबरांचा चुलतभाऊ. पैगंबर गेले तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा पोरगा. त्याने एका मित्राला म्हटलं, चल, ज्यांनी पैगंबरांना पाहिलंय ते लोक अजून आहेत तोवर त्यांना विचारून घेऊ. मित्र हसला, एवढी मोठी माणसं असताना तुला कोण विचारणार आहे म्हणाला. मग हा एकटाच दारोदार जायला लागला. अमक्याने अमुक ऐकलंय असं कळलं की त्याच्या घरी. तो माणूस दुपारचा झोपलेला असला तर दार वाजवायचं नाही, अंगावरचं वस्त्र उंबऱ्यापाशी अंथरायचं आणि पडून राहायचं. वाऱ्याने धूळ अंगावर यायची. माणूस बाहेर येऊन ओशाळायचा. तुम्ही पैगंबरांच्या घरचे, निरोप पाठवला असता तर मीच आलो असतो! हा म्हणायचा, नाही, यायचं मीच. पुढे त्याच पोराच्या दारात विचारायला येणाऱ्यांची रीघ लागली, आणि तो हसणारा मित्र म्हणाला, हा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

गोष्ट संपवून ती नेहमीसारखी म्हणाली, "अर्थ असा. शब्द माझे." हे ती प्रत्येक गोष्टीच्या शेवटी म्हणायची. ऐकलेला शब्द वेगळा आणि आपल्याला उमगलेला अर्थ वेगळा, त्यांची सरमिसळ करायची नाही. मी म्हटलं, "त्याच्या अंगावर धूळ आली, आपल्या अंगावर घाम येऊन राहिला." यावर मात्र ती हसली.

आणि तेवढ्यात मागे पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली. समोरच्या घरातल्या म्हातारीने फोन केला होता, की एक डोकं झाकलेली बाई दर शनिवारी गाडीत नुसती बसून असते म्हणून. आम्ही दोघी व्हिसावर, त्यात ही हिजाबवाली. सनदबाईने दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले आणि काच खाली केली. तरुण पोलीस होता, अदबीने बोलत होता. कुणाची वाट बघताय, त्याने विचारलं. माझ्या टीचरची, ही म्हणाली. त्या घरी नाहीत का? आहेत, झोपल्यात. मग बेल का नाही वाजवत? "वाजवली तर उठतील ना," ती त्याला इंग्रजीत, अगदी लहान मुलाला सांगावं तशी म्हणाली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तोवर आपांचा मुलगा पायजम्यातच धावत बाहेर आला, मागून सून, आणि त्या गडबडीत आपा उठल्याच. पोलीस सॉरी म्हणून गेला. सनदबाई घरी येईपर्यंत धुसफुसत होती, पण पोलिसावर किंवा त्या म्हातारीवर नाही. आपांची झोप मोडली म्हणून. ती म्हातारी पुढच्या शनिवारी झाडाची लिंबं घेऊन गाडीपाशी आली आणि नंतर तिलाच सनदबाईची काळजी वाटायला लागली, ती उशिरा आली की विचारायची.

आपा मला फार आवडल्या. ठेंगण्या, पांढरी ओढणी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस त्यांना आवाजावरून कळायचा. मी कोण, कुठली, हे त्यांनी एकदाच विचारलं आणि मग दर वेळी माझ्या हातात वेलदोड्याचा चहा ठेवायला लावला. त्या चाळीस हदीसांचा एक जुना संग्रह शिकवत होत्या. आधी अरबी, सगळं तोंडपाठ, आणि मग उर्दूत अर्थ. त्यांच्याकडे आधी बऱ्याच मुली आल्या होत्या. आठवडाभर यायच्या आणि मग म्हणायच्या, आपा, यूट्यूबवर आहे ना सगळं. टिकली ती एक सनदबाई. सगळ्या चाळीस उस्तादांच्या तोंडून, समोर बसून ऐकल्या, की उस्ताद इजाज़त देतात, म्हणजे पुढे शिकवायची परवानगी. मग साखळीत आपांच्या नावापुढे हिचं नाव लागणार होतं. तिला आणखी काही नको होतं. गावी जाऊन मुलींना शिकवायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. मी विचारलं, "आणि तू नाही ऐकल्या पूर्ण, तर?" ती म्हणाली, "आपांच्या बाजूने साखळी तिथेच संपेल."

आणि नेमकी त्याच सुमारास तिच्या कंपनीने अर्धी टीम काढून टाकली. त्यात ही. आता मुदतीत दुसरी नोकरी लागली नाही तर सामान बांधायचं आणि घरी जायचं. व्हिसाचं घड्याळ सुरू झालं की माणसाला घास गोड लागत नाही, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. तिचे पहाटे ईस्ट कोस्टचे इंटरव्ह्यू, दिवसभर इथले, मध्ये रिक्रूटरचे फोन. मी म्हणायची, "शनिवारचं जाणं आत्ता कॅन्सल कर, आधी पोटाचं बघ." ती म्हणायची, "नोकरी आणखी मिळतील गो. आपा आणखी मिळणार नाहीत."

शेवटच्या हदीसांच्या शनिवारी ती इतकी थकली होती की ड्राइव्ह मी केलं. आपा पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, आम्ही दोघी खाली गालिच्यावर, भिंतीला टेकून. एकेक हदीस होत चालली होती. शेवटची आली तेव्हा आपा थांबल्या. पुढे वाकून त्यांनी हाताने चाचपडलं आणि तो हात माझ्या खांद्यावर ठेवला. सनदबाई माझ्या पलीकडे होती. मला वाटलं, सांगावं, आपा, ती इकडे आहे. पण तो म्हातारा हात इतका हलका आणि उबदार होता की माझ्याने बोलवेना. मी बाजूला पाहिलं. सनदबाईचे डोळे मिटलेले होते. ती पुष्कळदा डोळे मिटूनच ऐकायची, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. आपांनी हदीस सांगितली, अरबीत आणि मग उर्दूत. मग म्हणाल्या, "मुबारक हो बेटी." सनदबाईने दचकून डोळे उघडले. आपांनी दुवा मागितली, इजाज़त दिली, सुनेने पावाचा गोड डबल का मीठा आणला. सनदबाईने एक घासही घेतला नाही.

परतताना ती एकदम म्हणाली, "गाडी बाजूला घे." मी पहिल्या एक्झिटने उतरून एका पेट्रोल पंपावर थांबवली.

"चाळिसावी मी ऐकली नाही."

"म्हणजे?"

"झोप लागली."

"अगं पण आपांनी दिली ना इजाज़त!"

"त्यांना वाटलं मी ऐकली."

"मग राहू दे की. एक तर आहे. आणि ती तुला पाठसुद्धा असेल!"

"पाठ आहे. ऐकलेली नाही." मग फोन काढत म्हणाली, "जुन्या काळी वर्गात कोण बोलत होतं, कोण डुलक्या घेत होतं, तेसुद्धा लिहून ठेवायचे, मंजू. तिथे माझी डुलकी कशी माफ होईल?"

तिने तिथूनच आपांना फोन लावला, स्पीकरवर. रडत रडत सगळं सांगितलं. आपा एवढ्या हसल्या! म्हणाल्या, "अरे पगली, अभी सुना दूँ?" मी दोन्ही हातांनी खुणा करत होते, हो म्हण, हो म्हण. सनदबाई डोळे पुसत म्हणाली, "नको आपा. फोनवर नको. मी येते शनिवारी." आपांना ते फार आवडलं असावं. "आ जा बेटी," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी चिडले. ऐकून घ्यायची होतीस ना, म्हटलं. ती म्हणाली, "इल्म म्हणजे ज्ञान, ते घरपोच मागवायचं नसतं. आपण जायचं त्याच्या दारी."

गुरुवारी सुनेचा फोन आला. आपांना स्ट्रोक आला होता. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा त्या जाग्या होत्या, पण वाचा गेली होती. सनदबाई आत गेली. आपांनी तिचा हात धरला. त्यांना ती कळली, कशासाठी आलीय तेही कळलं असावं, कारण त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज येईना. ती कान त्यांच्या ओठांशी नेऊन कितीतरी वेळ वाकून राहिली. नर्सने बाहेर काढेपर्यंत. त्यानंतर दोन-तीन दिवसांत आपा गेल्या.

दफन करून आल्यावर ती सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "फोनवर ऐकली असती तर." हेच वाक्य मी आठवडाभर दाताखाली धरून ठेवलं होतं, तिला चांगलं सुनावायला. पण ते तिच्या तोंडून ऐकलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. "माझाच तोरा नडला गो," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं.

नोकरी काही लागली नाही. तिचं तिकीट काढलं, सामान विकलं, प्रेशर कुकर मला दिला. जायच्या दिवशी दुपारी मी पोळ्या करत होते. ती डोक्यावर ओढणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मंजू, त्या दिवशी शेवटच्या हदीसला तू जागी होतीस ना?"

"होते."

"पूर्ण वेळ? फोन बघत नव्हतीस?"

"नव्हते गं."

"आपा काय म्हणाल्या ते तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस?"

"ऐकलं. पण अरबी मला कुठे येतं? उर्दूतलं तेवढं कळलं. आणि मी सांगितलेलं तुमच्यात धरतात का?"

"नाही धरत. सांगणारा मुसलमान लागतो."

"मग कशाला विचारतेस?"

"धरायची नाहीये. मला ऐकायचीये."

मी गॅस बंद केला, हात धुतले. आठवून आठवून म्हटलं, "आधी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चुकून, तू समजून." तिचा चेहराच बदलला. हात ठेवला? नक्की? कुठल्या खांद्यावर? ही गोष्ट तिला माहीतच नव्हती. ती म्हणाली, की पैगंबरांनी दुसऱ्या एका तरुण सोबत्याला हे वचन सांगितलं ते त्याचा खांदा धरून. आपांच्या उस्तादांनी तसाच हात ठेवून आपांना सांगितलं होतं, हे आपा एकदा बोलल्या होत्या. आणि तो हात माझ्या, रोज सकाळी देवाला फूल वाहणाऱ्या नागपूरच्या मंजूच्या खांद्यावर पडला होता. मला एकदम भीतीच वाटली, कुणाची तरी वस्तू आपल्याकडे राहिली आहे अशी.

ती फरशीवर मांडी घालून बसली. "मग तसंच सांग."

मी तिच्यासमोर बसले. पिठाचा वास येत असलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि आपांच्या उर्दूतलं मला जमेल तसं मराठीत सांगितलं. जगात अशी राहा, जशी परक्या गावी आलेली कुणी. नाहीतर वाटेने जाणारी.

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. दारापाशी तिच्या दोन बॅगा उभ्या होत्या. भाड्याचं घर, भाड्याच्या भिंती, आणि मी कुणाला काय सांगत होते! मला हुंदका आला.

ती म्हणाली, "रडू नकोस. शब्द बदलतील. पहिल्यापासून सांग."

मी नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगितलं. हात तसाच ठेवून.

आता ती गावी असते. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते आणि दुपारी गावातल्या मुलींना शिकवते. दुसऱ्या कुणा उस्तादांकडून ती चाळिसावी मिळेल, ती शोधतही आहे, पण आपांची ती कडी गेली ती गेली. मध्यंतरी मी तिला विचारलं, की चाळिसावी आली की तू करतेस काय? तिने व्हॉइस मेसेज पाठवला. मागे मुलींचा गलका होता आणि ती आवाज चढवून बोलत होती.

"मी सांगते, ही मी माझ्या उस्तादांकडून ऐकलेली नाही, मला झोप लागली होती. हिची इजाज़त माझ्याकडे नाही, ती तुम्हाला देता येणार नाही. तुम्ही फक्त ऐका. मग एकेकीच्या खांद्यावर हात ठेवून सांगते, तुझ्याच मराठीत. मुली विचारतात, तुम्ही कुणाकडून ऐकली? मी सांगते, माझ्या मैत्रिणीकडून. त्या विचारतात, ती नमाज पढते का? मी सांगते, नाही. मग तिचं कसं ऐकलंत, म्हणतात. मी सांगते, त्या दिवशी ती जागी होती."